लिंबमळा हॉल्टचा दुसरा रूळ

१

लिंबमळ्याच्या भुयारी मार्गात कमरेइतकं पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात भागवत गव्हाणे मरून पडले होते.

फौजदार आसाराम गर्जे पोचले तेव्हा दोन्ही तोंडांशी गर्दी जमलेली. कुणी आत उतरायला तयार नव्हतं. रेल्वेचा दुसरा रूळ टाकायचा म्हणून लिंबमळ्याचं फाटक कायमचं बंद झालं आणि त्याच्या बदल्यात रुळांखालून हा काँक्रीटचा बोगदा काढला. पावसाळ्यात तो भरायचाच, पण कुकडीच्या कालव्याला शेतीच्या पाण्याचं आवर्तन सुटलं की भर हिवाळ्यातही पाझर लागून भरायचा. पाण्यावर शेवाळाचा हिरवा तवंग होता.

आसारामनी बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मग त्याचा काही उपयोग नाही हे कळून तसेच उतरले. दोन शिपाई मागोमाग आले.

भागवतअण्णा साठीच्या आसपासचे, शेलाटे. कमरेखालचं अंग पाण्यात, पाठ भिंतीलगतच्या अरुंद ओट्यावर. डोकं ओट्याच्या कोरड्या भागावर. डाव्या कानामागे खोल जखम होती, पण आजूबाजूला रक्त जवळजवळ नव्हतंच. शेजारी त्यांची मोटारसायकल आडवी पडलेली.

"घसरला आसंल," वरून कुणीतरी म्हणालं. "डोस्कं आपटलं आसंल भिताडावर."

"घसरला न्हाई! मारलाय त्याला!" ओरडणारा म्हातारा तांबड्या डोळ्यांचा होता, उजव्या पायाने लंगडत पुढे आला. "त्या ठेकेदाराच्या इंजिनेराशी परवाच हमरीतुमरी झालीय त्याची. सगळ्या वाडीनं बघितलंय."

हा सहादेव. भागवतअण्णांचा लहानपणापासूनचा जोडीदार. सकाळी त्यानेच प्रेत पाहिलं होतं, त्यानेच वाडीत आरोळी दिली होती.

शिपायांनी गाडी उभी केली. आसारामनी तिच्याकडे नीट पाहिलं. साईड स्टँड खाली आलेलं होतं. पायाने गिअर चाचपला, तर गाडी न्यूट्रलमध्ये. चालत्या गाडीवरून घसरलेल्या माणसाची गाडी अशी नसते. ही ढकलत आणलेली गाडी होती.

मग त्यांनी प्रेताच्या सदऱ्याकडे पाहिलं. पांढऱ्या सदऱ्याच्या कोपरावर तांबूस डाग होता. रक्त समजून त्यांनी बोट लावलं. रक्त नव्हतं. बोटावर लोखंडाच्या गंजाची भुकटी आली.

"टोपी कुठाय ह्यांची?" त्यांनी विचारलं.

शिपायांनी पाणी चाचपलं. टोपी नव्हती.

शेवटी आसारामनी प्रेताचं डोकं हलकेच उचललं. खाली टॉवेल होता. खांद्यावरून घसरून पडलेला नव्हे. चांगली चौपदरी घडी घालून डोक्याखाली ठेवलेला. जीव जाताना कुणाला टॉवेलची घडी घालायला सवड नसते. आणि मारणारा माणूस उशी देत नाही.

आसारामनी तो टॉवेल कुणाला न दाखवता पिशवीत टाकला.

२

दुपारपर्यंत रस्ता अडला. प्रेत शवविच्छेदनासाठी श्रीगोंद्याला गेलं आणि इकडे काष्टीच्या रस्त्यावर टायर पेटले. पुढे होते टापूतले पुढारी काकासाहेब, पांढरा शुभ्र लिनन, मनगटात जाड कडं. "आरोपी आत जात नाही तोवर उठणार नाही!" ते माईकवर सांगत होते. आसारामना गंमत वाटली, कारण जितेपणी भागवतअण्णांचं नि काकासाहेबांचं विळ्याभोपळ्याचं होतं.

अण्णांची गोष्ट सगळ्या टापूला ठाऊक होती. लिंबमळ्याहून सकाळी एकच गाडी दौंडवरून पुण्याकडे जायची, तीही एकेरी रुळामुळे कुठे कुठे थांबत, रखडत. वाडीतली निम्मी पोरं पुण्याच्या बाजूला कामाला. खोली परवडत नाही म्हणून रोज ये-जा. अण्णांची मुलगी रुपाली त्यातलीच, हडपसरला एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत. अण्णांनी वर्षानुवर्षं अर्ज, उपोषणं, निवेदनं केली. दुसरा रूळ टाका, शटल सुरू करा, लिंबमळ्याला थांबा ठेवा. अखेर दुसरा रूळ आला. पण त्याच्याबरोबर फाटक गेलं आणि बोगदा आला. बोगदा भरला तेव्हा वाडीतले लोक अण्णांनाच बोलायला लागले, तूच आणलास म्हणून.

रुपाली वाटेतूनच माघारी आली होती. दारासमोर बायकांच्या गराड्यात बसलेली. आसारामनी तिला बाजूला, लिंबाच्या बागेत नेलं.

"ताई, सकाळी अण्णा कुठं भेटले शेवटचे?"

"भेटले म्हणजे?" ती जड आवाजात म्हणाली. "रोज तेच सोडायला येतात. फाटकापाशी गाडी लावतात. मग आम्ही रूळ ओलांडून फलाटावर जातो. आजबी आले हुते."

"बोगद्यातून न्हाई?"

"बोगद्यातून? अण्णा? त्यांनी सगळ्यांना शपथ घातली हुती, पाण्यात पाय ठेवायचा नाही म्हणून. लेकरू बुडेल, म्हातारं बुडेल, हेच त्यांचं रात्रंदिवस."

"गाडी सुटली तवा ते कुठं उभे होते?"

"फलाटावर. मी दारात हुते. त्यांनी हात केला. साहेब, मी हात केला का नाही ते आठवतच नाही मला."

आसारामनी विचारलं, "टोपी होती डोक्याला?"

"टोपीशिवाय अण्णा दारातसुद्धा आले नसते."

म्हणजे गाडी सुटली तेव्हा भागवतअण्णा फलाटावर जिवंत होते, डोक्यावर टोपी होती आणि त्यांची मोटारसायकल रुळांच्या अलीकडे बंद फाटकापाशी लावलेली होती. त्यानंतर थोड्याच वेळात ते बोगद्यात मेलेले सापडले, जिथे ते आपल्या पायाने कधीच उतरले नसते.

३

इंजिनिअर हर्षलला त्याच्या साइट ऑफिसातून उचलून आणावं लागलं. नाहीतर जमावानेच धरला असता. पारनेरकडचा, सव्विशी-सत्ताविशीतला, अंगात कंपनीचं नारिंगी जॅकेट. ठाण्याच्या बाकड्यावर तो दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसला होता.

"भांडण झालं का तुझं त्यांच्याशी?"

"झालं, सर. ते म्हणाले, पंप बसव. मी म्हणालो, मागितलाय. ते म्हणाले, किती दिवस मागतोयस? खरं होतं त्यांचं. मी प्रत्येक आठवड्याला मागत होतो. वरून उत्तर यायचं, आराखड्यात पंप नाही."

"मग?"

"मग मी चिडलो. म्हणालो, तुमच्या वाडीसाठी मी माझं डोकं फोडून घेऊ का? तेवढंच लोकांनी ऐकलं."

"आज सकाळी कुठं होतास?"

"पुढच्या स्टेशनात. आमचे सगळेच तिथे होते. चाचणीचं इंजिन यायचं होतं." त्याने वर पाहिलं. "सर, मी त्यांना काही केलेलं नाही. ते एकटेच होते जे मला 'इंजिनेर साहेब' न म्हणता 'बाळा' म्हणायचे."

आसारामनी त्या स्टेशनात फोन लावला. माणसं म्हणाली, होय, हर्षल पहाटेपासून इथेच होता. आसारामना हायसं वाटलं. तेवढ्यात वरिष्ठांचा फोन आला.

"गर्जे, त्या इंजिनिअरला अटक दाखवा."

"साहेब, तो जाग्यावर नव्हता. साक्षीदार हायेत."

"त्याच्याच कंपनीचे साक्षीदार ना? हलगर्जीपणामुळे मृत्यू म्हणून घ्या. पाणी कुणाच्या कामात साचलं? त्याच्याच ना? रस्ता मोकळा व्हायला पाहिजे."

"पण साहेब, मृत्यू पाण्यानं..."

फोन बंद झाला होता.

संध्याकाळच्या आत हर्षल कोठडीत गेला, रस्ता मोकळा झाला, आणि दोन गोष्टी घडल्या ज्या कितीतरी महिन्यांत घडल्या नव्हत्या. बोगद्यात मोठा पंप घरघरायला लागला. आणि रेल्वेच्या बंद फाटकाचं कुलूप 'तात्पुरतं' म्हणून काढलं गेलं. तिथे माणूसही बसवला, हिरव्या-तांबड्या झेंड्यांसकट.

वाडीतल्या बायका हात जोडून फाटकातून गेल्या. देवळातून जावं तशा.

४

काकासाहेब घराच्या पडवीत झोपाळ्यावर बसले होते. चहा आला. आसारामनी कप हातात धरला पण प्यायले नाहीत.

"भागवतअण्णा तुमच्या आड येत होते म्हणतात."

"येत होता की." काकासाहेब मोकळेपणाने म्हणाले. "मला लिंबमळा हॉल्ट नकोच होता. हायवेच्या बाजूला, माझ्या जमिनीजवळ नवं स्टेशन व्हावं असं माझं म्हणणं. शटल सुरू झाली की पुण्याची माणसं इकडं र्‍हायला येनार. स्टेशन होईल तिथं गाव वसनार. हा गडी हॉल्टच्या थांब्याला चिकटून बसला."

"मग आता?"

"आता थांबा कुनी काढू शकनार न्हाई. मेलेल्या मानसाचा थांबा हाय तो." ते हसले, पण त्यात आनंद नव्हता. "मला मारायचं असतं तर मी असं मारीन का, फौजदार? जितेपनी तो मला जड हुता. मेल्यावर तर पार अजिंक्य झाला."

"सकाळी कुठं होतात?"

"शिर्डीला. काकड आरतीला. फोटो हायेत, बाराशे लोकांनी लाईक केलेत."

फोटो खरे होते. आसाराम उठले. दारातून काकासाहेबांचा आवाज आला, "एक सांगू का? ज्यानं कुनी हे केलंय ना, त्याला राजकारन माझ्यापेक्षा जास्त कळतं. एका प्रेतानं फाटक उघडलं."

जीपमध्ये बसताना आसारामच्या मनात ते वाक्य रुतून बसलं. सगळे विचारत होते, भागवतअण्णांना कुणी मारलं. पण प्रश्न वेगळाच असावा. भागवतअण्णा बोगद्यात मेल्याने काय बदललं, आणि दुसरीकडे कुठे मेले असते तर काय बदललं नसतं?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी ते हॉल्टवर एकटेच गेले. ऊन चढत होतं. फलाटालगत जुना रूळ, हजारो चाकांनी घासून चांदीसारखा झालेला. त्याच्या अलीकडे, वाडीच्या बाजूला, नवा रूळ. त्यावर अजून गाड्या धावत नव्हत्या, म्हणून तो कडेकडेने तांबूस गंजलेला. फक्त माथ्यावर एक बारीक चमकती रेघ होती.

आसारामनी खाली बसून रुळाच्या कडेला बोट लावलं. बोटावर तीच तांबूस भुकटी आली.

थोडं पुढे गेले. खडी सगळीकडे धुळकट, पांढुरकी. पण फाटकाच्या सरळ रेषेत, नव्या रुळाच्या बाजूला, एका सतरंजीएवढ्या जागेतली खडी लख्ख काळी होती. कुणीतरी तिच्यावर घागरभर पाणी ओतून धुतली होती. एक दगड उलटवला, तर खालच्या अंगाला काळपट सुकलेला डाग.

ते तडक ठाण्यात आले आणि कोठडीचं दार उघडायला लावलं.

"हर्षल, चाचणीचं इंजिन कुठून कुठं गेलं?"

"दौंडकडून आमच्या दिशेने. नव्या रुळावरून."

"लिंबमळ्यावरून कधी गेलं?"

हर्षलने विचार केला. "सकाळची पुण्याची गाडी हॉल्टवरून सुटली, त्याच सुमाराला. दोघांची गाठ हॉल्टच्या जरा पुढे पडली असणार."

"गाडी दौंडकडं चालली. इंजिन दौंडकडून येतंय. फलाटावरून निघालेल्या माणसाला काय दिसेल?"

हर्षलचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "सुटलेल्या गाडीची पाठ, सर. इंजिन तिच्या आड असेल. आणि आवाज... दोन्हींचा एकच वाटेल."

"लिंबमळ्याच्या माणसाला आख्ख्या जन्मात एकच रूळ माहीत. गाडी गेली की रस्ता मोकळा."

मग हर्षल अगदी हळू म्हणाला, "सर, इंजिन आमच्याकडे पोचलं तेव्हा पुढच्या पायरीच्या दांडीला एक पांढरी टोपी अडकली होती. आमच्या एका पोऱ्याने ती काढून बाजूला टाकली. आम्हाला वाटलं, वाऱ्याने उडून आली असेल. कुणाची तरी. मीही हसलो, सर."

त्याने तोंड ओंजळीत लपवलं.

टोपी स्टेशनच्या मागच्या झुडपात मिळाली. आतल्या पट्टीवर निळ्या दोऱ्याने 'भा. ग.' काढलेलं होतं, बाईच्या हातचं.

खून झालाच नव्हता. इंजिनाच्या कडेचा फटका कानामागे बसला आणि माणूस खडीत कोसळला. ड्रायव्हरला कळलंही नसेल. कोडं एवढंच उरलं होतं, की रुळावर मेलेल्या माणसाला बोगद्यात कुणी नेलं आणि का. आणि आसारामना वाटू लागलं की ते उत्तर आपल्याला कळू नये.

६

सहादेव आपल्या ओट्यावर बसला होता. भिंतीवर त्याच्या बायकोचा, साळूबाईचा फोटो, वाळलेल्या हारासकट. आसाराम समोर बसले आणि काही न बोलता टोपी मध्ये ठेवली.

सहादेवने ती बराच वेळ पाहिली. हात लावला नाही.

"कुठं घावली?"

"इंजिनावर."

"मी लई हुडकली," सहादेव म्हणाला. "खडीत, गवतात. तेवढी एकच घावली न्हाई."

"सकाळी फाटकापाशी कसे काय होतात?"

"रोजचंच. रुपीला गाडीत बसवून आला की आमी दोघं फाटकापाशी चा पीत बसायचो. मी आलो तवा त्यो पडला हुता. अंग गरम हुतं, पन जीव न्हवता." त्याने फोटोकडे मान वळवली. "ही गेली गेल्या आखाडात. तवा जुना एकच रूळ हुता. भुयार भरलं हुतं म्हनून वरनं चालली हुती, दवाखान्यात. गाडीनं उडवली. कागदावर काय लिवलं म्हाईत हाय? 'अनधिकृतपणे रूळ ओलांडताना मृत्यू.' अनधिकृत! साठ वरसं तिथनंच गेली ती. एक सायेब आला न्हाई बघायला, भुयारात पानी का हाय म्हनून. रुळावर मेलेलं मानूस सोताच्या चुकीनं मेलेलं आस्तं, साहेब. भुयारात मेलेलं तसं न्हाई."

"म्हणून नेलंत?"

"भागवत जिता आस्ता तर त्यानंच सांगितलं आस्तं, ने म्हनून."

"आणि त्या पोरावर आळ घेतलात."

सहादेवची नजर खाली गेली. "पोरावर कोन घेतोय? कंपनीवर घ्यायचा हुता. कंपनी सापडत न्हाई ना हातात. पोरगंच सापडतं."

"सहादेवबाबा, तुमचा पाय असला. माणूस फाटकापासून बोगद्यात न्यायचा म्हणजे चांगला लांबचा पल्ला. गाडीही न्यायची. एकट्यानं नेलंत?"

"एकट्यानंच."

"टॉवेलाची घडी कुणी घातली?"

तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"म्या घातली."

कडूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या, भागवतअण्णांच्या मालकीण. रिकामं कपाळ, डोक्यावरून घट्ट पदर. सहादेव हडबडून उठला. "वैनी, तुमी आत जा. तुमचा काय संबंध न्हाई ह्यात."

"आसू द्या, भावजी." त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. "भावजी बोलवाय आले तवा मी गोठ्यात हुते. पळत गेले. त्यो असा पडलेला, आन् भावजी म्हनले, हितं र्‍हायला तर ह्यो कुनाचाच न्हाई. भुयारात नेऊ. मी व्हय म्हनले. एका बाजूनं त्यांनी धरला, एका बाजूनं मी. गाडीवर आडवा टाकला नि ढकलत नेला. खडी धुतली ती बी मीच, माघारी येऊन."

"आणि टॉवेल?"

कडूबाईंचा आवाज पहिल्यांदा हलला. "भावजी म्हनले, तोंड पान्यात ठिवाय लागंल. बुडल्यावानी दिसाय पायजे. माझ्यानं झालं न्हाई. त्या घान पान्यात त्याचं तोंड... म्हनून डोस्कं वर ठिवलं. नुस्त्या सिमिटावर बी ठिववंना."

आसारामना लहानपण आठवलं. पाथर्डीहून ऊसतोडीला आलेल्या टोळीतला त्यांचा चुलता ट्रॉलीखाली सापडला, तो नेमका दोन तालुक्यांच्या शिवेवर. दोन्हीकडचे पोलीस येऊन हद्द मोजत बसले होते आणि चुलता उन्हात झाकून ठेवला होता. त्यांच्या आईने तेव्हा विचारलं होतं, जरा सरकवला तर चालेल का. कुणी उत्तर दिलं नव्हतं.

"आता काय करनार?" सहादेवने विचारलं. "खरं लिवनार?"

"पोरगा आत हाय, बाबा. लग्न ठरलंय त्याचं."

"आन् फाटक?"

आसाराम उठले. टोपी उचलून त्यांनी कडूबाईंच्या पुढे धरली, मग आठवलं की ती पुरावा आहे, आणि तसाच हात मागे घेतला. कडूबाईंनी पुढे केलेले हात हवेत तसेच राहिले.

"भावजी एकटेच हुते म्हनून लिवा," त्या सावकाश म्हणाल्या. "आसं भावजी म्हनत्यात ना? तर मग तसं लिवा. माझ्या मागं रुपीला कोन न्हाई."

७

आसारामनी खरं लिहिलं, फक्त कडूबाई वगळून. म्हातारा लंगड्या पायाने एकटाच प्रेत घेऊन गेला, असं त्यांनी नोंदवलं आणि वरच्यांनीही ते खरं मानलं, कारण कुणाला खोलात जायचं नव्हतं. अहवालात शेवटी त्यांनी एक परिच्छेद आपल्या मनाने घातला. मयताने रूळ ओलांडला कारण फाटक बंद होते व भुयारी मार्ग पाण्याने भरलेला होता. सबब मूळ कारण भुयारी मार्ग समजण्यात यावे.

हर्षल सुटला. जाताना तो आसारामच्या पाया पडायला वाकला, त्यांनी मध्येच धरला. "कामावर परत घेतलं का?" त्यांनी विचारलं. त्याने नकारार्थी मान हलवली.

मृत्यू रुळावर झाल्याचं ठरलं, म्हणून प्रकरण लोहमार्ग पोलिसांकडे गेलं. तिथून जे कागद आले त्यात आसारामचा परिच्छेद नव्हता. ते शोधायला नगरला गेले, दोन खुर्च्यांसमोर उभे राहिले. पहिल्या खुर्चीने सांगितलं, तुमचा अभिप्राय मागवलेला नव्हता. दुसरीने चहा दिला आणि विचारलं, "गर्जे, तुमची निवृत्ती जवळ आली ना?"

कागदावर शेवटी तीच ओळ होती. अनधिकृतपणे रूळ ओलांडताना मृत्यू.

त्याच आठवड्यात पंप दुसऱ्या कामावर गेला. फाटकाचा माणूस उठला. लोकांनी कुलूप फोडू नये म्हणून या वेळी फाटक वेल्डिंग करून टाकलं.

शटल मात्र सुरू झाली. लिंबमळ्याचा थांबा राहिला. झेंडूच्या माळा घातलेल्या पहिल्या गाडीला काकासाहेबांनी हिरवा झेंडा दाखवला आणि भाषणात भागवत गव्हाणेंचं नाव आदराने घेतलं. सहादेव गर्दीत नव्हता. पुरावा नष्ट केल्याचा खटला त्याच्यावर उभा राहिला होता.

पहिल्या तारखेला त्याला कोर्टात न्यायला आसाराम स्वतः आले. शिपाई पाठवला असता तरी चाललं असतं. जीप वाडीतच उभी होती, सहादेव कपडे बदलत होता, म्हणून ते पायी फाटकापर्यंत गेले. शटलची वेळ होती. वेल्डिंग केलेल्या फाटकाच्या बाजूने लोकांनी वाट पाडली होती. डबे, पिशव्या, गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली माणसं नव्या रुळाच्या कडेला जमली होती. त्यांत रुपाली होती.

ती आसारामजवळ आली. पुष्कळ दिवसांनी भेटत होते.

"आईनं सगळं सांगितलं मला," ती म्हणाली. "तुमी तिचं नाव घातलं नाही."

आसाराम तिच्यासोबत रुळाच्या कडेला सरकले.

"तो इंजिनिअर सुटला?"

"सुटला."

"बरं झालं. अण्णांनीबी तेच केलं असतं." मग तिने विचारलं, "पण साहेब, आता आमी कुठून जायचं?"

तिने रागाने विचारलं नव्हतं. पत्ता विचारावा तसं विचारलं होतं. आसारामनी बोगद्याकडे पाहिलं. कालव्याला पुन्हा आवर्तन सुटलं होतं, पाणी ओट्यापर्यंत चढलं होतं. त्यांनी फाटकाकडे पाहिलं. वर्दीच्या खिशात त्यांचा हात उगाच काहीतरी शोधत राहिला.

तेवढ्यात भोंगा वाजला. लांबचा, वाऱ्यावर विरलेला. कुठल्या बाजूने ते कळेना. रुळाशी उभे असलेले सगळे लोक एकाच वेळी थबकले आणि आसारामकडे बघू लागले. वर्दीतला माणूस होता; त्याला माहीत असणार.

आसारामनी एकदा दौंडकडे पाहिलं, एकदा नगरकडे. दोन्ही रूळ उन्हात सारखेच चमकत होते.

"थांबा," ते म्हणाले. "थांबा जरा. मला बी कळंना."